उन्हातली गादी

सवय हाडीमांसी खिळली की नको तिथे घात करते. मावशीचंच बघा. कोपऱ्यावर तिची लॉन्ड्री, उभा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेलेला. धाकटी बहीण अचानक गेली तेव्हा रडं आवरेना, म्हणून ती कामाला लागली. बहिणीचे कपडे, उशांचे अभ्रे, चादरी, दारामागची शाल, सगळं धुऊन, कडक इस्त्री करून तिने कपाटात रचून ठेवलं. मग एके दिवशी बहिणीची पाच वर्षांची पोर भिंगरी त्या कपाटात तोंड खुपसून उभी राहिली.

"मावशी, आईचा वास कुठे गेला?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मावशीला झालं.

पोर तशी समजूतदार. बाप पूर्वीच दुरावलेला, आता आईही परत येणार नाही, हे मावशीने सांगितलं तेव्हा तिने शहाण्यासारखी मान डोलावली होती. पण झोप उडाली ती उडालीच. मावशीने कुशीत घेतलं की ती नाक मुरडून भिंतीकडे वळायची. मावशीच्या अंगाला साबणाचा वास, त्याला ती तरी काय करणार?

बहीण अत्तराचं तेल लावायची. गल्लीपलीकडची एक बाई घरच्या ओट्यावर तेलं मिसळून बोटाएवढ्या बाटल्यांत भरायची आणि त्यांची एकेक अचाट बारशी करायची: 'रिकामा डबा', 'काकांचा कोट', 'उन्हातली गादी'. बहिणीची ठरलेली 'उन्हातली गादी'. बहीण अजून जिन्यात खालीच असायची, पण वास आधी वर पोचायचा आणि भिंगरी दाराकडे धूम ठोकायची.

मावशी बाटली घेऊन आली. झाकण उघडलं तर हुबेहूब तोच वास. मनगटावर तेल लावलं आणि थोड्या वेळात त्या वासाची जुनी साबणवडी झाली. भिंगरीने हुंगून मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली. मग कोपराच्या खोबणीत, मग गळ्याला, कानामागे. मावशीने लॉन्ड्रीला कुलूप घातलं, साबण सोडून नुसत्या पाण्याने आंघोळी केल्या. घर दरवळायचं, पण कुणा भलत्याच बाईच्या वासाने.

तेलात भेसळ केलीत, असं भांडायला ती तणतणत अत्तरवालीकडे गेली. त्या बाईने शांतपणे कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकला. वास तोच. मग स्वतःच्या हातावर टाकला, तर तिथे तो कडवट, औषधासारखा झाला.

"मी अर्धंच बनवते, ताई," ती म्हणाली. "बाकीचं अर्धं ज्याच्या त्याच्या अंगात असतं. तुमच्या बहिणीचं मी कुठून आणू?"

भांडण तिथेच विरलं. तिच्या रक्ताचं घरात कुणी आहे का, असं अत्तरवालीने जाता जाता विचारलं. मी आहे की, असं मावशी म्हणाली आणि मग एकदम घाईने घराकडे वळली.

संध्याकाळी तिने तेलाचं बोट भिंगरीच्या मनगटावर टेकवलं. दोघी वाट बघत बसल्या. हळूहळू वास उमलला आणि मावशीला भडभडून आलं, कारण खोलीत तिची बहीण होती. भिंगरीने हुंगलं, पुन्हा हुंगलं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला आणि ती ताट चाटूनपुसून जेवली. गंगेत घोडं न्हालं एकदाचं, असं म्हणत मावशी अंथरूण घालायला आत गेली.

बाहेर आली तर दार सताड उघडं. भिंगरी उंबऱ्यावर बसली होती, तेल लावलेला हात जिन्याकडे लांब धरून.

"काय करतेस गं?"

"वास आलाय ना. आता आई येईल."

"भिंगरे, तुला सांगितलं होतं ना मी?"

"माहितीये," पोर म्हणाली. "पण वास आधी येतो. आई मागून येते."

ओल्या साबणी फडक्याने मनगट पुसलं असतं तर क्षणात सगळं संपलं असतं. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आज तो हात उचलेना. ती भिंगरीशेजारी बसली. उद्या हिला काय सांगायचं, तिला कळत नव्हतं.

खाली जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. भिंगरी ताडकन उठून उभी राहिली, आणि मावशीही.