काळ्या तळ्यातलं कुमुद

तेव्हा मी दहा वर्षांची होते. उत्तरेकडच्या स्मोलांड प्रांतातल्या आमच्या शाळेत आम्ही सतरा पोरं आणि एक टेकलाबाई. सुट्टी संपून ऑगस्टात शाळा उघडली, की फूल उलगडून त्याचे भाग मोजायचा तास ठरलेला. त्या वर्षी बाई काळ्या तळ्यावर कुमुद आणायला गेल्या. होडी अल्गोतआजोबांची होती.

"बाई, दुसरीकडचं घ्या. इथलं कुणी तोडत नाही," ते काठावर म्हणाले.

"का, तुमची परवानगी लागते?"

"माझी नाही."

बाई हसल्या आणि त्यांनी एक फूल देठासकट खुडलं.

वर्गात आम्ही टेबलाभोवती जमलो. बाईंनी आधी बाहेरची चार हिरवट निदलं काढली. मग पाकळ्या. "बघा हं, आत जाता जाता पाकळी अरुंद होते, तिच्या टोकाला पिवळे पराग दिसू लागतात आणि तिचाच पुंकेसर होतो. कुठे पाकळी संपली, सांगता येत नाही. मोजा!"

आम्ही एका सुरात मोजू लागलो. साठ. ऐंशी. टेबलावर पांढरा ढीग झाला, पण बाईंच्या हातातलं फूल होतं तेवढंच. बीजकोश काही दिसेना. शंभराला कुणीतरी खिदळलं. एकशे बाराला बाईंचा चिमटा थांबला. आम्हीही गप्प झालो.

"एकशे तेरा," एक बारीक आवाज म्हणाला.

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

आमच्यापैकी कुणाचेच ओठ हलले नव्हते. "एकशे चौदा," तो आवाज म्हणाला. ओला, जवळचा, फुलातून आल्यासारखा. आमच्यातली सगळ्यात धाकटी रूना रडायलाच लागली.

बाईंनी ढिगातली पाकळी न् पाकळी एप्रनमध्ये भरली, फूल घेतलं आणि त्या तळ्याकडे धावत सुटल्या. आम्ही मागे. अल्गोतआजोबांनी काही न विचारता होडी सोडली. आम्ही काठावर थांबलो; पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू येत होता. बाईंनी फूल पाण्यावर ठेवलं. तुटका देठ खालून कुणी धरावा तसा ताठ झाला, आणि एक हिसका बसून फूल खाली गेलं. मागोमाग पाकळ्या गेल्या, एकेक करून, सावकाश.

आजोबांनी टोपी काढली.

"कोण आहे खाली?" बाईंनी पुटपुटत विचारलं.

"चाळीस वर्षं इथे होडी चालवतोय," ते म्हणाले, "अजून नाव विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका."

नाताळाआधी बाईंनी बदली मागून घेतली.