लेकीच्या गाडीतलं ऑइल

गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आता त्यासाठी माणसाला बाहेरचा वैरीच लागतो असं थोडंच आहे? पोटची लेक पुरते. लेक शिकून केमिस्ट झाली, हे छान झालं. नोकरीला लागली, तेही छान. पण लागली कुठं, तर जुन्या ऑइलच्या कारखान्यात! गॅरेजवाल्यांनी इंजिनातून काढलेलं काळंकुट्ट ऑइल हे लोक पिंपं भरभरून उचलून न्यायचे, तापवायचे, शुद्ध करायचे, डब्यात भरायचे आणि परत गॅरेजवाल्यांनाच विकायचे. म्हणजे मिस्त्रीनं सकाळी नाक मुरडून मागच्या पिंपात ओतलेली घाण काही दिवसांनी पिवळीधमक होऊन त्याच्याच फळीवर येऊन बसायची.

“ऑइल मरत नाही बाबा, नुसतं मळतं,” लेक म्हणायची. “सदरा मळला तर तुम्ही टाकून देता का? धुताच ना?”

एकदा ती त्याला कारखान्यात घेऊन गेली. मिस्त्रीनं नळाखाली हात धरला, ऑइल अंगठ्यानं बोटावर चोळलं, वास घेतला, उजेडात धरलं. नाव ठेवायला जागाच नव्हती. त्यानं पोरीच्या पाठीवर थाप मारली, तिच्या कोटावर पाची बोटं उमटवली, आणि दुसऱ्याच दिवशी फळीवर तिचे डबे मांडले. स्वतःच्या मोटरसायकलमध्ये पहिला डबा त्यानंच ओतला.

मग गिऱ्हाइकांशी गाठ पडली. बापरे! शाळेतल्या एक बाई होत्या. कापडी पिशवीशिवाय घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत, पोरांना पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून द्यायच्या. मिस्त्रीला वाटलं, या तरी नाही म्हणायच्या नाहीत. बाईंनी डबा हातात घेतला, मायेनं फिरवून फिरवून पाहिला, डोळे भरून आले त्यांचे. “किती चांगलं काम करते हो तुमची मुलगी! सगळ्यांनी हेच वापरायला हवं.” आणि डबा फळीवर परत ठेवत म्हणाल्या, “माझ्या गाडीत मात्र नेहमीचंच घाला हं. ती जरा नाजूक आहे.”

दुसरे एक रिटायर झालेले साहेब. त्यांनी तर नाकाला रुमालच लावला. “म्हणजे दुसऱ्या गाडीचं उष्टं?”

“अहो साहेब, गाडी काय तोंड लावते होय त्याला?” मिस्त्री म्हणाला. साहेबांची गाडी आधी दोघांनी वापरून विकलेली होती, ते त्याच्या जिभेवर आलं होतं, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही म्हणून त्यानं गिळलं. खूप समजावल्यावर साहेब तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच दारात हजर. इंजिन खडखड करतंय म्हणे. मिस्त्रीनं बॉनेट उघडून कान लावला, गाडी रस्त्यावर फिरवून आणली. खडखड कसली, इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. साहेबांचं मन तेवढं वाजत होतं. शेवटी ऑइल बदलून दिलं, तेव्हा साहेब त्याच आवाजाला म्हणाले, “आता कसं शांत!”

टॅक्सीवाला तेवढा सरळ. “स्वस्त आहे ना? घाला.” बाकी विषय बंद.

मिस्त्री मात्र हट्टाला पेटला. जो येईल त्याला सदऱ्याचा दाखला द्यायचा, कारखान्याचं वर्णन करायचा, माझी पोर बनवते म्हणून छाती पुढं काढायचा. निम्मी गिऱ्हाइकं त्यानं वळवली. साहेबांना तर तो सगळ्यांसमोर हसायचा. आणि हाच माणूस घरी गेला की जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. कारण त्याच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती त्याच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

झालं होतं असं. लेकीनं जुनी छोटी गाडी घेतली आणि बापाच्या ताब्यात दिली. “बाबा, हिच्यात पहिल्या दिवसापासून आमचंच ऑइल. ही माझी चाचणीची गाडी. दर वेळी काढलेलं ऑइल मला बाटलीत भरून द्या, इंजिन किती झिजतंय ते मी तपासत जाईन.” मिस्त्री म्हणाला, “त्यात काय एवढं!” ती गेल्यावर त्यानं डब्याचं सील फोडलं, नरसाळं लावलं, डबा उचलला आणि हात तसाच थांबला. डोळ्यांपुढं लेक दिसली. एकटी, घाटातला रस्ता, बंद पडलेली गाडी. आता घाटात गाड्या काय ऑइलमुळंच बंद पडतात? बॅटरीनं पडतात, पट्टा तुटून पडतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत! पण हात ऐकेना. डबा खाली ठेवला आणि नेहमीच्या कंपनीचं कोरं ऑइल ओतलं. लेकीचा डबा गेला टॅक्सीत, आणि रिकामा झाल्यावर तो त्यानं मुद्दाम लेकीच्या गाडीजवळ ठेवला, तिला दिसेल असा. भेसळ करणारे जगात पायलीला पन्नास, पण चांगलं म्हणून नावाजलेलं ऑइल चोरून टाळणारा आणि वर त्याचाच प्रचार करणारा हा एकटाच असावा.

पुढच्या वेळी नक्की घालू, असं तो मनाशी म्हणाला होता. पुढच्या वेळीही हात थांबला. मग त्याची सवयच पडली.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” बायकोनं ऐकवलं. “पोरीला सांगून तरी टाका.”

“काय सांगू? मला ते ऑइल चांगलं वाटतं की नाही, हेच मला कळत नाही.”

“मोटरसायकलमध्ये घालता ना?”

“घालतो की.”

“मग?”

“तेच तर कळत नाही म्हणतोय ना!” मिस्त्री खेकसला. बायकोनं ताट उचललं.

आणि एके दिवशी सकाळी लेक इस्त्रीचे कपडे घालून, केस चापूनचोपून बांधून गॅरेजात आली. बस डेपोचे अधिकारी आज कारखान्यात येणार होते. त्यांना पटलं तर शहरातल्या सगळ्या बसमध्ये तिचं ऑइल जाणार होतं. नाही पटलं, तर कारखान्याचे मालक हे इंजिन ऑइल बनवायचं खातंच बंद करायच्या गोष्टी करत होते, आणि मग तिचीही नोकरी गेलीच.

“मी त्यांना कागद दाखवणारच नाही बाबा. कागद कोण वाचतं? सरळ माझी गाडी दाखवणार. इंजिनावरचं कव्हर उघडून म्हणणार, बघा, एवढे दिवस हेच ऑइल आहे, आत गाळाचा कण नाही. तुम्ही मला फक्त कव्हरचे बोल्ट सैल करून द्या.”

मिस्त्री पाना हातात घेऊन उभा राहिला. सांगावं तर पोर हातची जाते, न सांगावं तर पोर चारचौघांत खोटी शपथ घेते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यानं एक बोल्ट फिरवला. दुसऱ्याला पाना लावला आणि तोंडातून निघून गेलं, “त्यांना गाडी दाखवू नकोस.”

“का?”

“यात तुझं ऑइल नाही.”

तिला आधी कळलंच नाही. “संपलं होतं का या वेळी?”

“कधीच नव्हतं गं. एकदाही नाही.”

गॅरेजात कॉम्प्रेसर चालू होता. लेकीनं जाऊन तो बंद केला आणि परत येऊन समोर उभी राहिली. “मी बाटल्या नेत होते. रात्रंदिवस तपासत होते. किती खूश होत होते मी! कुणाचं ऑइल तपासत होते बाबा मी?”

मिस्त्री हातातला पाना फडक्यानं पुसत राहिला.

“तुम्हाला ते वाईट वाटतं?”

“नाही! मोटरसायकलमध्ये तेच आहे, आईशपथ. एवढ्या गाड्यांत घातलं, एकीलाही काही झालं नाही. तुझं ऑइल चोख आहे.”

“मग माझ्याच गाडीत का नाही?”

“तिच्यात तू बसतेस म्हणून.”

“आणि बाकीच्या गाड्यांत कोण बसतं, बाबा?”

टॅक्सीवाला, टॅक्सीवाल्याची पोरं, वळवलेली सगळी गिऱ्हाइकं एकदम मिस्त्रीच्या डोळ्यांपुढं आली. इतके दिवस हे आपल्याला सुचलं कसं नाही? का सुचलं होतं आणि आपणच दडपलं? त्याला खरंच कळेना. लेकीनं डोळे पुसले, रिक्षाला हात केला आणि गाडी तिथंच ठेवून निघून गेली.

दिवसभर मिस्त्रीचं कामात लक्ष नव्हतं. एका गाडीत त्यानं जुनाच फिल्टर परत बसवला आणि पुन्हा काढला. दुपारी जेवण गेलं नाही. ऊन कलल्यावर फोन वाजला.

“झाली मीटिंग,” लेक म्हणाली. आवाजावरून काही कळेना. “गाडी नाही दाखवली. खरं ते सांगितलं. म्हटलं, माझे वडील स्वतः मिस्त्री आहेत, अख्ख्या गावाला हे ऑइल घालतात, फक्त माझ्या गाडीत घालत नाहीत.”

“अगं, असं सांगतात का कुणी?” मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. “हसले असतील.”

“डेपोचे मोठे साहेब नाही हसले. म्हणाले, मीही कदाचित हेच केलं असतं. मग म्हणाले, मिस्त्री म्हणून तुमच्या वडिलांना पटलंय, बाप म्हणून पटायचं राहिलंय. दोन बसमध्ये घालून बघू.”

“दोन? म्हणजे मिळालं काम?”

“अर्धवट मिळालं. वर्षभर बघणार आहेत. मालकांनी खातं तेवढे दिवस ठेवलंय. आणि साहेबांनी तुम्हाला एक निरोप दिलाय. विचारलंय, त्या बसमध्ये तुम्ही स्वतः बसाल का?”

“बसेन म्हणजे! रोज बसेन! घाटातून बसेन! पहिल्या फेरीला सगळ्यात पुढच्या सीटवर बसेन, सांग त्यांना,” मिस्त्री ताडकन उठून उभा राहिला. “पण ऐक पोरी...”

“काय?”

“तू नको हं बसू.”

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. हसून ठेवला की रागावून, ते काही मिस्त्रीला कळलं नाही.