अंगावरची वाकी

"नुसती बघून सांगा ना, काका! एवढी वर्षं सोनारकी केली, डोळ्याला कळत न्हाय काय?" हरेशने तिसऱ्यांदा विचारलं.

तुळशीरामने तराजू पुसला. "डोळ्याला पिवळं कळतं. आत काय आहे ते कळत नाही."

वळ गावातल्या त्या ओटीवर सकाळपासून वाटणीचं सोनं तोललं जात होतं. सावळारामला जाऊन वर्ष झालं होतं. खाजणाकडची जमीन गोदामांखाली गेली होती, आणि त्याचे दोन मुलगे, हरेश आणि त्याचा भाऊ, आता घर, भांडी, दागिने सारं तिघांत वाटत होते. तिसरा हिस्सा आईचा, राहीबाईचा. सगळं तोलून झालं, उरली तिच्या दंडावरची वाकी. लग्नात चढली ती चढलीच. तिचं मळसूत्र झिजून बसलं, मिठागरात मीठ ओढून ओढून दंड भरला, आणि झाडाच्या खोडात तार रुतावी तशी वाकी दंडात रुतली.

"कापू नको रं बाबा," राहीबाई म्हणाली. "यांनी घातलेली हाय. भरीव हाय म्हनलं व्हतं. सरनावरच उतरंल."

"कापत नाही, आई," तुळशीराम म्हणाला. "आणि न तोलता आकडाही देत नाही. हरेश, अंगावरचं बाईचं असतं. ते वाटणीत धरू नकोस."

"मंग तिला मागची खोली पन आन वाकी पन? वा, काका! आमी काय गोदामात झोपू?"

तुळशीराम सामान आवरू लागला. हा हट्ट त्याच्या धंद्याला नेहमीच नडत आला होता. मोल करायचं ते हातात घेऊन, तोलून. मेहनताना ठरलेला, आकडा लहान येवो की मोठा. आणि ज्याचं मोल केलं ते आपण विकत घ्यायचं नाही. पेठेतले लोक हसत. शेलार गावचा दाजी सोनार किमतीवर शेकडा दोन घेई, म्हणून त्याचा आकडा नेहमी गुबगुबीत. आणि गिऱ्हाईकंही त्याच्याचकडे!

त्याच संध्याकाळी हरेशने दाजीला बोलावलं. तो मोटरसायकलवरून उतरलाही नाही. अंगणातूनच म्हणाला, "भरीव हाय. धा तोळं धरा." वाकी आईच्या हिश्शात पडली, मागची खोली हरेशच्या.

माघात राहीबाई तुळशीरामच्या भिवंडीच्या दुकानात आली. एकटीच. गादीवर बसली, दंड पुढे केला.

"काप आता."

"आई, तुम्हीच नको म्हणाला होता."

"तवा खोली व्हती. माजी चूल व्हती, मागच्या दाराशी शेवगा व्हता. आता सा म्हैनं याच्याकं, सा म्हैनं त्याच्याकं. तू तोल. दाजी चुकला आसंल तं मी खोली मागंन."

त्याने वाकीखाली फडकं सरकवलं आणि बारीक करवत चालवली. सोनं फाटलं तसा तांबडा चुरा गादीवर सांडला. लाख. वरून सोन्याचा पातळ पत्रा, आत नुसती लाख. पत्रा दोन तोळेही भरला नाही.

त्याने तिथूनच हरेशला फोन लावला. "दाजीचा आकडा खोटा आहे. मी लिहून देतो."

"काका, तवा तीनदा विचारलं, तवा तुमी बोललं न्हाय. आता सह्या झाल्या. खोलीत भाडेकरू पन आला."

फोन बंद. तुळशीरामने तो गादीवर आपटला. तेव्हा नुसतं 'पोकळ असेल' म्हटलं असतं तर? पण तेही डोळ्यानेच म्हणायचं होतं ना! मग दाजीत आणि आपल्यात काय राहिलं असतं?

राहीबाईचं लक्ष नव्हतं. ती बोटाने लाखेचा चुरा गोळा करत होती.

"यांनी भरीव हाय म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "लबाड कुठचा." नव्या नवरीने म्हणावं तसं म्हणाली. मग पदराच्या टोकाला चुरा बांधला. "ही लाख मी नेतं. सोनं तूच घे, काय आसंल ते दे."

"ते नाही करता येत, आई. मोल मी केलंय. समोर दुसरं दुकान आहे, तिथे..."

"ऱ्हाऊ दे."

ती पायऱ्या उतरली. तो पत्रा घेऊन रिक्षापर्यंत धावला. तिने तो न पाहताच पिशवीत टाकला. एका मुठीत पदराची गाठ होती, दुसरा हात तिने रिक्षाच्या दांडीला घातला. पदर सरकला. काळ्यासावळ्या दंडावर वाकीएवढाच एक गोरा पट्टा होता, लग्नाच्या दिवसापासून ऊन न पाहिलेला.