अकरा दिवसांचं वर्ष

मित्रांनो, मी एक ग्रह आहे. हसू नका. जन्माने मी अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला एक जुना, वाळलेला भोपळा आहे, हे मी नाकारत नाही. दर होळीला सुकराम मला कमरेला बांधून नाचतो. यंदा ऊसतोडीला गुजरातेत जाताना त्याने मला लेकीच्या, सुनिताच्या, हाती दिलं आणि आश्रमशाळेच्या प्रदर्शनासाठी तिने माझा ग्रह केला.

ग्रहही ऐरागैरा नव्हे. मी तुमच्या सूर्याभोवती फिरतच नाही. फार लांबच्या एका लहानशा तांबड्या ताऱ्याभोवती, अगदी त्याला खेटून फिरतो. माझी एकच बाजू सदा ताऱ्याकडे असते, तिला सुनिताने गेरू फासला. दुसरीकडे कधी उजाडतच नाही, ती तव्याखालच्या काजळीने काळी केली. मधल्या अरुंद पट्ट्यात कायमची संध्याकाळ. तिथे तिने एक घर काढलं आणि पाटीवर लिहिलं, 'येथे अकरा दिवसांचे वर्ष असते.'

असे ग्रह खरोखर असतात, हे विज्ञानाच्या बाईंनी सांगितल्यापासून तिने हाच ध्यास घेतला होता. सुकराम आणि सुनिताची आई रूपलीबाई दरसाल अर्धं वर्ष बाहेर. माझ्यावर अर्धं वर्ष म्हणजे पाच-सहा दिवस. शनिवारी गेलेली आई गुरुवारी घरी. त्या घरात कोण राहणार होतं, ते मला ठाऊक होतं.

मग प्रदर्शनाची व्यवस्था बघणारे, रनाळ्याचे हेमकांत सर आले.

"हाऊ कोन्ता ग्रह शे?" ते पुटपुटले. मग सुनिताला म्हणाले, "बेटा, पाहुणे येतील. वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं असतं."

"सर, ते पृथ्वीचं. हा दुसऱ्या ताऱ्याचा आहे."

"बरं, बरं," म्हणत सरांनी ब्रश उचलला. माझ्यावर निळे समुद्र आले, हिरवी रानं आली. घर समुद्रात बुडालं. पाटीही बदलली.

मला कुणी विचारलं? इतक्या लांबच्या ग्रहाकडे बघूनही या माणसांना स्वतःचंच तोंड का दिसावं लागतं? मला बक्षीस मिळालं, टाळ्या पडल्या. सुनिताने टाळी वाजवली नाही. सरांनी मायेनेच केलं म्हणे. त्या मायेने तिची आई पुन्हा सहा महिने लांब गेली, याचा राग मला अजून आहे.

होळीला आईबाप परतले. सुकरामने मला ओळखलंच नाही. सुनिताने राखेने घासून समुद्र उतरवले आणि गेरू-काजळी पुन्हा लावली. मित्रांनो, परक्याला आपल्यासारखं रंगवण्याआधी तो कसा आहे, हे तेवढ्याच मायेने बघत जा.

आमच्या डोंगरातल्या रीतीप्रमाणे पहाटे होळी पेटली. सुकराम मला कमरेला बांधू लागला.

"बाबा, लाल बाजू आगीकडे ठेव."

"का?"

"तिकडे तारा आहे."

त्याने तसंच बांधलं आणि तो आगीभोवती नाचू लागला. आईच्या मांडीला टेकून सुनिता माझी वर्षं मोजत होती. एकेक वर्ष संपत होतं आणि दर वर्षी तिचा बाप तिच्यासमोर येत होता.