खुशालरावाची परत येणारी बकरी

मित्रांनो, ज्या घरी आपण आपलं दूध ओतलं, त्या घरच्या माणसानं निदान आपल्या तोंडाकडं पाहून तरी चालावं की नाही? हा खुशालराव रोज आमच्या बोळातून जातो. मी इथं दारात, लिंबाखाली बांधलेली असते. तो दिसला की मी मान उचलते. आणि तो? समोरच्या भिंतीला नाक घासत जातो, शाळा बुडवलेलं पोर मास्तरांच्या घरावरून जातं तसा. काल त्या भिंतीवर ओल्या गोवऱ्या थापलेल्या होत्या. सगळा सदरा माखला, पण गड्यानं वळून पाहिलं नाही. माझ्या अंगावर काय देवी आल्या आहेत?

मी एक म्हातारी बकरी आहे. म्हातारी म्हणायचा हक्क माझा मला आहे, तुम्ही मावशी म्हणा. पोटावर कवड्यांसारखे ठिपके म्हणून माझं नाव कवडी. विद्येशी माझा संबंध एकदाच आला, एका पोराच्या अंकलिपीची पानं मी खाल्ली होती. चव बरी होती. तेवढ्या शिक्षणावर सांगते आहे, तेव्हा चुका काढत बसू नका.

माझा जन्म मूर्तिजापूरच्या शिवारातला, कापूस वेचणीच्या दिवसांतला. महादेवराव नावाच्या शेतकऱ्याच्या गाड्याखाली आईनं मला चाटून उभी केली. त्यांच्याकडं एक दांडगा बोकड होता आणि त्याच्यावर गावातल्या दोन भावांचा डोळा होता. थोरला हा खुशालराव, धाकटा पुंजाराम. दोघं चोर होते. चोर म्हणते खरी, पण खऱ्या चोरांच्या कानावर गेलं तर त्यांना राग येईल. वैशाखात, भर दुपारी, सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना हे दोघं पोतं घेऊन आले. बोकडानं पुंजारामाला अशी धडक दिली की तो कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात उलटा गेला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यांनी मला उचललं. पोत्यात मी ओरडायला लागले, तसा खुशालरावही बें बें ओरडायला लागला. का, तर कोणी विचारलं तर ‘मीच ओरडून राहिलो’ म्हणता यावं!

अशी ही अक्कल. एकदा दोघांनी स्टेशनापुढून सायकल चोरली. चालवता कोणालाच येत नव्हती, म्हणून खांद्यावर घेऊन पळाले. वाटेत एका माणसाला दया आली, पंक्चर झाली असेल म्हणून त्यानं दुकान दाखवलं. दुकान सायकलवाल्याच्या मेव्हण्याचं निघालं. घरात एकटी शहाणी म्हणजे खुशालरावाची बायको रुख्मिणी, पण तिला विचारतो कोण? ती विहिरीवर गेली की बाया बोलणं थांबवायच्या. रिकामी घागर घेऊन गेलेली ती भरलेली घागर आणि भरलेले डोळे घेऊन परत यायची. मी हे पाहत होते. पण मी पडले बकरी. पुढ्यात पाला पडला की विसरून जायची.

मी वयात आले, व्याले, दूध देऊ लागले. एका हंगामात घरात खायला काही उरलं नाही, तेव्हा खुशालरावानं मला शेजारच्या माना गावच्या बाजारात नेऊन विकलं. ते सरळ विकणं होतं, त्यात लबाडी नव्हती. फक्त पिल्लू घरी ठेवलं, मोठं झालं की वेगळं विकू म्हणून. दुसऱ्या दिवशी मी नव्या मालकाचा खुंटा उपटला आणि रुळाच्या कडेकडेनं चालत घरी आले. कास फुटायला आली होती. डोळ्यांपुढं पिलाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मला दारात पाहून खुशालराव नाचलाच.

“पुंजा, पाह्य रे! दाव्यानं वढून आनलं तिले!”

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं घरी राहिलं की बरकत घरी राहते, अशी रीत आहे. खुशालराव दुसरी कुठली रीत पाळत नव्हता, पण ही पाळायचा. त्याच्या बापानं वळलेलं अंबाडीचं दावं खुंटीवर लटकत होतं. त्याला त्यानं हात जोडले. खुंटीखाली माझं पिल्लू लुटुलुटु पीत होतं, तिकडं दोघांचंही लक्ष गेलं नाही.

मग तो धंदाच झाला. कधी मान्याला, कधी कुरूमला, कधी दर्यापूरला मला विकायचं आणि घरी येऊन वाट पाहत बसायचं. ओळखू नये म्हणून एकदा मला काजळी फासली. गिऱ्हाइकानं कौतुकानं पाठ थोपटली आणि तोच हात आपल्या नव्या धोतराला पुसला. पुढचं सांगत नाही. सौदा पुंजाराम करायचा, रुमालाखाली बोटं दाबून. त्याचं एक बोट कडबा तोडताना गेलेलं, त्यामुळं पाचाचा सौदा चारातच तुटायचा. तरी मी परत आले की सरकीची मूठ मिळायची, ‘इमानदार हाये वो कवडी’ अशी शाबासकी मिळायची. मित्रांनो, मला गर्व झाला होता. मी गेल्यावर त्या त्या घरच्या माणसांनी सकाळी रिकामा खुंटा पाहून काय केलं असेल, हा विचार माझ्या शिंगालाही शिवला नाही.

मग कुरूमच्या बाजारात केशरबाई आली. उंच, हडकुळी, पांढऱ्या स्वच्छ लुगड्यातली. पुंजारामानं रुमाल पुढं केला, तर म्हणाली, “रुमाल ठेव बाजूले. मी काय लपवून खाते? तोंडानं बोल.”

पुंजाराम गडबडला. “चांगली दुधाची हाये, माय. पिल्लू मेलं तिचं, म्हनून विकून राहिलो.”

केशरबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “आमच्या घरी उलटं झालं, भाऊ. सून गेली, लेकरू राह्यलं. वरचं दूध पचत नाही पोरीले. बकरीचं पचते म्हनून इतल्या लांब आली.”

खुशालरावानं पुंजारामाचा सदरा मागून ओढला. मी पाहिलं. पण पुंजारामानं तोवर होकार दिला होता. दावं सोडून घेताना खुशालरावाच्या बोटांना गाठ सुटेना.

केशरबाई मला बैलगाडीत घालून निघाली. वाट मला ओळखीची वाटू लागली आणि गाडी थांबली तेव्हा तर मी चाटच पडले. तिचा मुलगा देवमन शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीच्या लाइनीवर गँगमन लागलेला, आणि ही मंडळी आमच्या वस्तीमागं, नाल्यापलीकडं नुकतीच राहायला आली होती! हे दोघे शहाणे ओळखीच्या डोळ्यांपासून दूर म्हणून कुरूमला गेले आणि घरापासून एका बेंच्या अंतरावर मला विकून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी हजर. आणि थोड्या वेळानं माझ्या मागोमाग केशरबाई, खांद्यावर लहानग्या शालूला टाकून, दारोदार विचारत आली. आवाज ओळखताच खुशालरावानं मला कणगीमागं ढकललं, वरून गोधडी टाकली आणि ताप आल्यासारखं भिंतीकडं तोंड करून निजला. माझं पिल्लू मात्र अंगणातच राहिलं.

“माही बकरी पाह्यली का वं, बाई?” तिनं रुख्मिणीला विचारलं. केशरबाईची नजर पिलावर गेली. “हे पिल्लू कोनाचं?”

बाजारातला सौदा आपणच केला हे विसरून पुंजाराम पुढं झाला. “हे? हे पोरकं हाये. माय मेली त्याची.”

बाजारात मला खपवायला पिल्लू मारलं, घरी पिल्लू झाकायला मला मारलं! गोधडीखाली मला शिंगं खुपसावीशी वाटली. तेवढ्यात शालू रडली. रडणं कसलं, मांजराच्या पिलासारखं बारीक कण्हणं. आणि मित्रांनो, माझी कास आपोआप पाझरू लागली. गोधडी भिजली, जमीन भिजली. पंचमहाभूतं साक्षीला असतात म्हणतात, माझ्यावर माझंच दूध साक्षीला आलं.

केशरबाईनं काय ते ओळखलं असावं. ती आत आली नाही. पुंजारामानं दिलेलं पाणीही तिनं घेतलं नाही. फक्त उंबऱ्याबाहेरून म्हणाली, “ज्यानं नेली त्याले एवढंच सांगजा, की लेकरू सकाळपासून पान्यावर हाये.”

खुशालराव भिंतीकडं तोंड करून पडलेलाच होता. पण आता त्याचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी तो भाकरीला शिवला नाही. उठला, खुंटीवरचं दावं काढलं. पुंजाराम आडवा आला, “दादा, दावं कावून नेऊन राहिला? बापाचं हाये ते!” त्याला बाजूला सारून खुशालराव मला घेऊन भर उजेडात, सगळ्या वस्तीदेखत, नाल्यापलीकडं गेला. केशरबाईच्या दारात उभा राहिला आणि दावं तिच्यापुढं धरलं.

“चुकलो, माय. हे दावं आजलोक कोनाले देल्लं नाही. आता बकरी परत नाही येनार.”

केशरबाईनं हात पुढं केला नाही. “आमी पंचशील घेतलं हाये, भाऊ. न देल्लेलं घ्याचं नाही. मनापासून देतं का? मंग तोंडानं म्हन.”

“देल्ली,” तो म्हणाला. मग दावं तिच्या हातात दिलं. घरी जाताना छाती पुढं काढून गेला. मी त्याला तसं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

शालू माझं दूध प्याली आणि झोपली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पिल्लू तिकडंच राहिलं होतं ना! मला ओढून आणण्याचं सगळं बळ दाव्यात आहे असं खुशालरावाला खरोखर वाटत होतं. दिवे लागायच्या सुमारास नाल्यापलीकडून पिलाची हाक आली आणि माझे पाय मला न विचारता चालू लागले. नवं दावं, जुनं दावं, कशाची गाठ टिकली नाही.

मी पोचले तेव्हा खुशालराव जेवत होता. मला पाहून त्याचा घास हातात तसाच राहिला. मागून केशरबाई आलीच.

“वा रे वा, खुशालराव! दावं देल्लं अन् बकरी वढून घेतली. तुले चोर म्हनलं तं चोराचा अपमान व्हते!”

सगळा बोळ गोळा झाला. लोक हसले. खुशालराव काय सांगणार, आणि सांगितलं तरी मानणार कोण? जन्मात एकदा खरं वागला आणि त्याला लबाड ठरवलं ते मी. माझ्या या चार पायांनी. तेव्हापासून माझ्या पोटात जे रुतलं आहे, ते हजार वेळा रवंथ केलं तरी बारीक होत नाही.

अखेर रुख्मिणी उठली. तिनं पिलाचा खुंटा सोडला, त्याला उचललं आणि केशरबाईच्या हातात दिलं.

“याच्या पायी येते ते, माय. दाव्यापायी नाही.” मग नवऱ्याकडं वळली, “अवो, दाव्यानं कोनी परत येत असते का? मी रुसून माहेरी गेली व्हती, तवा परत आली ते लेकराईसाठी. तुमच्यासाठी आली असं वाटलं व्हय तुमाले?”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्यानंतर विहिरीवर तिला पाहून बोलणं थांबेना झालं.

मी इथं, केशरबाईकडंच राहिले. एका बाजूला पिल्लू, एका बाजूला शालू, अशी दोघंही माझ्या दुधावर वाढली. शालू आता शाळेत जाते. माझी कास केव्हाच आटली, दात पडले, बाभळीच्या शेंगा पोरगी ठेचून देते तेव्हा गिळते. दूध नाही तर विकून टाका, असं शेजारी म्हणाले, तर केशरबाई म्हणाली, “मायले विकतेत का?” खुशालरावानं चोरी सोडली. कापसाच्या जिनात गठाणी उचलतो, पाठ वाकली आहे. पण त्या संध्याकाळचं हसू त्याच्या मानेवर अजून बसलेलं आहे, म्हणून तो भिंत धरून चालतो.

तेव्हा मित्रांनो, जनावर विकत घ्याल तर त्याच्यामागं कोण ओरडतं आहे ते विचारा. म्हातारं झालं तर त्याला दारातली सावली ठेवा. आणि माणूस एकदा खरं बोलला, तर तो लबाड होता म्हणून त्याचं खरं पायाखाली घालू नका.

बघा, तो आलाच. भिंतीला लागून. आज मी दावं ताणून बोळाच्या मधोमध उभी राहिले आहे. त्याला माझं बोलणं नुसतं बें ऐकू जाईल, जाऊ द्या. मला म्हणायचं आहे ते मी म्हणणार.

“खुशालराव, चोरी तुले कधी जमली नाही, अन् तोंड लपवनंबी जमून नाही राहिलं. त्या दिवशी तू खरा व्हता. खोटी मी पडली. आता भिंत सोड, अन् मधून चाल!”