आठ नॉट

दादा गेल्याचं आम्हाला भर समुद्रात वायरलेसवर कळलं. भागोजीदादा माझा थोरला भाऊ. त्याचा मुलगा विनेश माझ्याच बोटीवर खलाशी. जाळं ओढलं, मासळी कशीबशी बर्फात टाकली आणि बोट दिघी बंदराकडे वळवली. चार दिवसांची झोप डोळ्यांत साठलेली.

मोबाइलला रेंज मिळाली तोवर दुपार कलली होती. गावात दादाला उद्यापर्यंत बर्फावर ठेवायचं चाललं होतं, पण वहिनी हट्टाला पेटलेली. विनेशच्या फोनवर तिचा आवाज मलाही ऐकू आला. "जन्मभर त्यांनी मासळी बर्फात ठेवली. त्यांना न्हाय ठेवायचं. दिवस बुडायच्या आत न्यायचं."

विनेशने जीपीएसकडे पाहिलं. आठ नॉट, म्हणजे तासाला आठ सागरी मैल. "आई, उजेडात पोचतो. मी आल्याशिवाय बाबांना नेऊ नका."

"भरती हाय तवर आठ," मी म्हणालो. "ती सरतच आलीय." पण त्याचं लक्ष कुठे होतं?

थोड्या वेळाने आकडा उतरू लागला. सात, सहा, मग पाच.

"काका, इंजिन कमी केलंस?"

एक ठेवून द्यावीशी वाटली. भाऊ माझाही मेला होता. इंजिनाचा लिव्हर पुढे टेकलेलाच होता, हात दुखेपर्यंत मी तो रेटून धरला होता. पण वाद घालायचं त्राण नव्हतं. मासळीच्या खोक्याच्या झाकणाचा थर्माकोल मोडून त्याच्या हातात दिला. "पुढच्या टोकावरून टाक. मागे येईस्तोवर आकडे मोज."

आमच्याकडे जुनी माणसं असाच वेग बघत. विनेशने तुकडा टाकला, मोजत मागे आला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदाही टाकला. दर वेळी आकडे तेवढेच, रोजचेच.

"बोट तर तेवढीच पळतेय," तो म्हणाला.

"पाण्यावर तेवढीच पळतेय. पण ओहोटी लागली, पाणीच मागे चाललंय. जीपीएस जमीन धरून मोजतो. आणि आपल्याला पोचायचं जमिनीवर हाय."

त्याने जीपीएसकडे पाहिलं, मग कललेल्या सूर्याकडे. किती अंतर उरलंय, किती ऊन उरलंय, हे त्याला आता मी सांगायची गरज नव्हती. त्याने बहिणीला फोन लावला.

"कल्पिताताई, माझी वाट बघू नका. बाबांना तू अग्नी दे."

पलीकडून ती म्हणाली, "मी?"

"व्हय, तूच. आईला सांग, मी सांगितलंय."

फोन खिशात टाकून तो माझ्याजवळ आला. डोळे कोरडे होते.

"काका, लिव्हर मागे घे आता. घाई कसली?"

मी लिव्हर मागे घेतला. इंजिनाचा आवाज उतरला, आणि तेव्हा कुठे मला दादा गेल्यासारखं वाटलं.