प्रयागबाईच्या वांग्यातली अळी

गुलाबराव मास्तरांना तात्पर्याची शिसारी होती. वांती होण्याइतकी. मंगरूळपीरच्या मराठी शाळेत ते सातवीला शिकवायचे. वय पंचविशीच्या आतलं, कोट परीटघडीचा, आणि खिशात कायम चार लवंगा, कारण जग एकंदरीत कुजकं आहे असं त्यांचं मत होतं आणि जगाने ते अजून खोडून काढलं नव्हतं.

सन छत्तीसच्या हिवाळ्यात डिप्टीसाहेब शाळा तपासून गेले आणि जाताना सांगून गेले, की मोठ्या पोरांकडून आपल्या मनाने गोष्ट रचून घ्या. मास्तरांनी रचून घेतली. झाडून साऱ्या पोरांच्या गोष्टीत सिंह निघाला. पंचक्रोशीत सिंह कोणी पाहिलेला नव्हता, पण वर्गात त्यांचा नुसता सुळसुळाट. प्रत्येक सिंह शेवटी रडायचा, पस्तावायचा आणि "नेहमी खरे बोलावे" असं सांगून झुडपात जायचा. हेमलाचा सिंह तर आंघोळ करून गेला. फय्याजचा उरुसाला आला होता आणि निमूट रांगेत उभा होता.

मास्तरांनी लवंग तोंडात टाकली.

"सिंह बंद! तात्पर्य बंद! ज्याच्या गोष्टीत साधू सापडेल त्याला बाकावर उभा करीन. आपल्या घरातलं एक माणूस घ्या, एक वस्तू घ्या, आणि त्यांचं जे कधीच घडलं नाही ते लिहा."

"मंजे खोटं लिवायचं का मास्टरसाब?" फय्याजने विचारलं. हा रहीम कल्हईवाल्याचा पोरगा. त्याला प्रत्येक गोष्ट आधी वाजवून बघायची सवय.

"खोटं नाही. रचलेलं."

"फरक काय?"

"खोट्याला छडी मिळते, रचलेल्याला गुण मिळतात."

एवढा फरक वर्गाला पटला आणि सगळे टाक दौतीत बुडाले.

दुसऱ्या दिवशी सिंह गेले होते. त्यांच्या जागी कोल्हे आले होते. मास्तर एकेक कागद मेलेल्या उंदरासारखा चिमटीत धरून बाजूला ठेवत होते. तेवढ्यात रामधनचा कागद हाती आला. रामधन म्हणजे गावाबाहेर मळा करणाऱ्या प्रयागबाईचा एकुलता एक. वर्षभरात वर्गात एक शब्द बोललेला नव्हता.

त्याने लिहिलं होतं: मायनं वांगं चिरलं तर आत अळी बसलेली. माय म्हणाली, बाहेर निघ. अळी म्हणाली, आधी दार लावा, वारं लागते. मायनं तिला दिव्याच्या कोनाड्यात ठेवलं. ती खाऊन खाऊन हातभर झाली, मग लोडाएवढी झाली. मग तिने बाज धरली. तिच्या अंगाचा चिकटा गोधडीला लागायचा आणि गोधडी सकाळी आमच्या अंगासंगं उठायची. अळीला बिडी लागायची. मायनं तिच्यासाठी सोयरीक पाहिली, पण मुलीकडचे म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण याले पाठ कुठं अन् पोट कुठं, अक्षता टाकाव कोनीकडून?

तिथेच गोष्ट संपली. पस्तावा नाही, साधू नाही.

मास्तरांना मळमळलं. सगळ्या अंगावर शहारा आला, गोधडीपाशी तर तोंडाला पाणी सुटलं, ते उलटीआधी सुटतं तसलं. नोकरीला लागल्यापासून इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी कागदाखाली लाल शाईने 'पसंत' लिहिलं आणि झोकदार सही ठोकली.

चूक झाली ती इथे. त्या गावात मास्तरची सही म्हणजे पंचनामा. वयाचा दाखला मास्तरने द्यायचा. मास्तरने लिहिलं तर माणूस चौदाचा, मास्तरने लिहिलं तर वीसचा. सही पडली की वाद मिटला.

फय्याजने तो कागद कौतुकाने बापाला दाखवायला नेला. रहीमच्या भट्टीपाशी कल्हईला भांडी घेऊन आलेली पाच-सात माणसं बसलेली. फय्याजने मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी लांब जाऊन थुंकून घेतलं. मग विचार सुरू झाला.

"लोडाएवढी नसंन," भगवंतराव म्हणाले. ते किराणा दुकानदार, तोलून बोलणारे. "पोट्टं वाढवून लिवते. पन बोटभर त असंनच."

"असंनच," रहीम म्हणाला. "मास्टरसाबनं पायल्याबगर सही केली का? पसंत लिवलं खाली."

"पसंत? अळी?"

"त्याईले पसंत पडली. आपल्याले कायले पडाव?"

बाजाराच्या दिवशी प्रयागबाईच्या पाटीला कोणी हात लावला नाही. बाया लांबूनच नाकाला पदर लावून विचारत होत्या, "काहो मावशी, नवरदेव कुठं हाये?" शेजारी धनीबाई कोबी विकत बसली होती, तिने आपली पाटी सरकवून घेतली, सोवळ्यासारखी.

प्रयागबाई तडक शाळेत आली आणि पाटी मास्तरांच्या टेबलावर उपडी केली. जांभळी वांगी हजेरीच्या बुकावरून घरंगळत खाली पोरांत गेली.

"घ्या मास्तर. तुमच्या सहीचा माल."

"बाई, ती गोष्ट आहे. रचलेली."

"मले समजते. माह्या बाजीवर मीच निजतो. अळी असती त मले जागा पुरली असती का? पन लोकाईले कोन सांगाव?" तिने रामधनचं मनगट धरलं. "चाल रे. उद्यापासून मोट हाकाले लाग. शाळा झाली तुई."

"असं करू नका. अख्ख्या वर्गात गोष्ट लिहिता येते ती याला एकट्याला."

"म्हून त नेऊन राह्यली. येत नसती त राहू देला असता."

रामधनने खाली वाकून एक वांगं उचललं, पुसलं आणि तो आईमागून गेला. त्याच्या जागेवरून मास्तरांकडे नुसता रिकामा बाक बघत राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोल्हे.

गोष्ट रचलेली होती, असं मास्तर सगळीकडे सांगत फिरले. भगवंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंजे अळी नोयती?"

"नव्हती."

"मंग सही काहून केली?"

"गोष्ट चांगली होती म्हणून."

"अळी चांगली होती म्हना की सरळ," भगवंतराव म्हणाले आणि गूळ तोलायला लागले.

मास्तरांना माणूसजातीची इतकी किळस आली, की लवंगा संपल्या. शेवटी ते मळ्यात गेले. रामधन विहिरीवर बैल हाकत होता. प्रयागबाई वाफ्यातून वर न पाहता म्हणाली, "सहीनं गेलं थे सहीनं परत येत नाही. तुमच्या तोंडानं आना. भर बाजारात माह्या पाटीवर बसा अन् वांगं खाऊन दावा. कच्चं. मंग पोट्टं तुमचं."

पुढच्या बाजाराला परीटघडीचा कोट घालून गुलाबराव मास्तर पाटीपाशी पोत्यावर बसले. गर्दी अशी जमली, की मागच्यांना दिसावं म्हणून पुढच्यांना उकिडवं बसवलं. मास्तरांनी वांगं स्वतः निवडलं. चकचकीत, देखणं. पहिला घास पायताण भिजवून चावावं तसा लागला. "कुरकुरीत," ते म्हणाले.

दुसऱ्या घासाला जिभेवर काहीतरी हललं.

वांगं हलत नसतं, एवढं वनस्पतिशास्त्र मास्तरांना येत होतं. त्यांनी वांग्यात पाहिलं. आत अर्धी अळी होती. पांढरी, गुलबट, फार त्रासलेली. उरलेली अर्धी कुठे आहे हे विचारायची गरज नव्हती. थुंकलं तर पोरगा मोटेवर. दाखवलं तरी मोटेवर. शेकडो डोळे घशाकडे लागलेले. मास्तरांनी गिळलं. आणि पुरावा उरू नये म्हणून दुसरी अर्धीही तोंडात टाकली आणि चावली, कारण ती आपणहून जायला तयार नव्हती.

"कसं हाये मास्टरसाब?" रहीमने विचारलं.

"गोड," मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं, आणि हीच त्यातली सगळ्यात घाण गोष्ट होती.

रहीमने खुशीत मान हलवली आणि दोन शेर वांगी घेतली. मग भगवंतरावांनी घेतली. मग बायांची झुंबड उडाली. धनीबाईने हळूच आपली पाटी परत जवळ ओढली.

प्रयागबाई तागडी धरल्या धरल्या पुटपुटली, "होती नं? म्या भोक पायलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"गिऱ्हाईक पाहून राह्यलं होतं. पोट्ट्याले उद्या धाडतो शाळेत. पन मास्तर, लोकाईचा भरवसा एका बाजारापुरता. पुढच्या बाजारीबी येजा. दर बाजारी येजा."

"आणि नाही आलो तर?"

"मोट हायेच."

रामधन पाटीमागे बसून मास्तरांच्या गळ्याकडे टक लावून पाहत होता. त्याने वर्षातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"मास्तर, जाताना थे वळवळली का सरळ गेली?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. या पोरासारखं ओंगळ त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

"आधी आडवी झाली," ते म्हणाले. "मग वळली. घशापाशी जरा थांबली."

रामधनने मान डोलावली. मास्तरांनी पाटीतून दुसरं वांगं उचललं, कारण समोर एक म्हातारी अजून खात्री न पटल्यासारखी उभी होती.